निवडलेले तुकडे

आमच्या घरी बाहेरच्या खोलीत टीव्हीच्या वर एक फळी आहे. त्या फळीवर निळ्या आणि राखाडी रंगाचे खेळण्यातले एक अवकाशयान ठेवलेले आहे. लांबीला साधारण दीड वीत. समोर पिवळी पारदर्शक काच, मागे उघडणारी दारे, दारांच्या आत एक लहानशी गाडी आणि यानाजवळ उभी असलेली चार माणसे, दोन लाल आणि दोन पांढरी. घरी पाहुणे आले की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मुलीसाठी आणलंत वाटतं?" मुलगी अकरावीत आहे. मी सांगतो, "नाही, ते माझं आहे." मग ते हसतात. पंचेचाळीस वर्षांचा, भोसरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये काम करणारा, केस पिकत आलेला माणूस खेळण्यातल्या विटा जोडत बसतो, याचे कुणालाही हसू येणारच.

वाचकहो, त्या यानाचे तुकडे ३३८ आहेत. ते एका खोक्यातून आलेले नाहीत. जुना बाजार, भंगाराची दुकाने, ओळखीची माणसे आणि परदेशातले विक्रेते अशा चार ठिकाणांहून एकेक करून ते जमवले. पाच वर्षे लागली. त्यांतले निम्मेअधिक माझ्या आईने निवडून दिले. हा खटाटोप मी का केला, ते आज सांगायचे आहे. ते सांगताना माझी एक जुनी चूकही सांगावी लागणार आहे.

माझे आईवडील १९७२ च्या दुष्काळात सोलापूर जिल्ह्यातून पुण्याला आले आणि दांडेकर पुलाजवळच्या वस्तीत राहिले. वडील बांधकामावर बिगारी होते. आई कचरा वेचू लागली. घरोघर जाऊन कचरा घेण्याची आजच्यासारखी पद्धत तेव्हा नव्हती. रस्त्याच्या कडेला कुंड्या असत. आई पहाटे चारला पोते आणि लोखंडी आकडा घेऊन निघे. लकडी पूल ओलांडून प्रभात रोड, भांडारकर रोड असा तिचा फेरा असे. बंगल्यांतले लोक जागे होण्याआधी तिचे अर्धे पोते भरलेले असे. उशीर झाला की कुत्री, पहारेकरी आणि पोलीस यांच्याशी गाठ पडे. कुणाच्या घरी काही हरवले की पहिला संशय पोतेवालीवर. चौकीत बसवून ठेवल्याचे प्रसंगही तिच्या वाट्याला आले.

दुपारी घरी आल्यावर ती दारात पोते रिकामे करी आणि निवडायला बसे. रद्दी वेगळी, पुठ्ठा वेगळा, पत्रा वेगळा, काच वेगळी. प्लास्टिकचे तर पाच-सहा ढीग. माल मिसळलेला असेल तर भंगारवाला भाव पाडे, म्हणून निवड चोख हवी. आई एखादा तुकडा वाकवून बघे, नखाने खरवडून बघे, नाहीतर दारातल्या फरशीवर टाकून त्याचा आवाज ऐके आणि योग्य त्या ढिगात भिरकावून देई. तिला लिहिता-वाचता येत नाही. पण तिच्या ढिगात चुकीचा तुकडा मी कधी पाहिला नाही.

१९८९ सालच्या दिवाळीआधीची गोष्ट. दिवाळीच्या साफसफाईत बंगल्यांतून पुष्कळ सामान बाहेर पडे. त्या दिवशी आईने पोते उपडे केले आणि त्यातून निळ्या, राखाडी विटांचा एक ओघच जमिनीवर आला. अंगठ्याएवढ्या विटा, चपट्या पट्ट्या, पंखासारखे तिरपे तुकडे, पिवळी पारदर्शक काच आणि एक लाल माणूस. त्याच्या छातीवर सोनेरी रंगात एक ग्रह काढलेला होता आणि तो अर्धा पुसला गेला होता. डोक्यावर टोप नव्हता. विटांवर गोल बटणे होती आणि एका विटेची बटणे दुसरीच्या पोटात घट्ट बसत. मी नऊ वर्षांचा होतो. माझी धाकटी बहीण सहा वर्षांची. आम्ही दोघे त्यावर तुटून पडलो.

तो कडक आणि चांगल्या जातीचा माल होता. भंगारात त्याला भाव आला असता. आईने एक वीट हातात घेतली, फरशीवर टाकून ऐकली आणि पत्र्याचा डालडाचा डबा रिकामा करून सगळे तुकडे त्यात भरले. म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. खेळा." शंभर-सव्वाशे तुकडे असतील. आमच्या घरात विकण्यासारखी असूनही न विकलेली ती पहिली वस्तू.

चित्र नव्हते, पुस्तक नव्हते. हे मुळात काय होते ते आम्हाला माहीत नव्हते. आम्ही घर केले, रिक्षा केली, पूल केला. एका विटेवर इंग्रजीत 'एलएल ९२८' असे छापलेले होते. तो आम्ही गाडीचा नंबर ठरवला. रिक्षा केली की ती वीट मागे लागे. घर केले की दारावर लागे. वर्षभरात मी एक विमान तयार केले. त्याचे एक चाक गोळीच्या बाटलीच्या बुचाचे होते. पण उडवले की तुकडे सुटत नसत.

पाचवीत मला शहरातल्या एका मोठ्या मराठी शाळेत घातले. शाळेचे नाव सांगत नाही, त्याची जरूर नाही. तिथे बंगल्यातली मुलेही होती आणि आमच्यासारखीही. एकदा बाईंनी घरून आवडती वस्तू आणायला सांगितले. मी विमान नेले. मुले भोवती जमली. मी ते कुठून आणले असे कुणीतरी विचारले. मी म्हणालो, "काकांनी मुंबईहून आणलं." तेवढ्यात एक मुलगा पुढे आला. तो म्हणाला, "हे माझ्या मावसभावाचं आहे. मावशीनं गेल्या दिवाळीत कचऱ्यात टाकलं. बघा, त्याच्यावर ९२८ असेल." त्यांनी विमान उलटे केले. ९२८ होतेच.

मग जे हसणे सुरू झाले ते मधल्या सुट्टीपर्यंत चालले. मला कुणी मारले नाही, शिवी दिली नाही. 'कचऱ्यातलं, कचऱ्यातलं' एवढेच म्हणत होते. बाई म्हणाल्या, "ठेव ते दप्तरात." त्यात त्यांचाही दोष नव्हता.

शाळा सुटल्यावर वर्गातल्या दोघांबरोबर मी लकडी पुलावर आलो. समोरून आई येत होती. पाठीवर पोते, कमरेत वाकलेली. तिने मला पाहिले आणि नावाने हाक मारली. बरोबरच्या मुलाने विचारले, "तुला ओळखते का ती?" मी म्हणालो, "नाही." आणि मान वळवून पुलाच्या दुसऱ्या बाजूला गेलो.

त्या संध्याकाळी मी डालडाचा डबा उचलला, वस्तीला लागून जाणाऱ्या कालव्याच्या भिंतीवर गेलो आणि विमानासकट सगळे तुकडे पाण्यात ओतले. ते लगेच बुडाले नाहीत. बटणे वर करून थोडे वाहत गेले, मग एकेक करून खाली गेले. लाल माणूस शेवटी दिसेनासा झाला. रिकामा डबाही मी टाकून दिला.

बहिणीने रडून घर डोक्यावर घेतले. आईने विचारले, "डबा कुठं गेला?" मी म्हणालो, "कुणीतरी नेला असेल." आमच्याकडे खेळायला येणारा शेजारचा एकच मुलगा होता. बहिणीने त्याचे नाव घेतले. त्याच्या वडिलांनी काही न विचारता त्याला पट्ट्याने मारले. मी दारात उभा राहून बघत होतो. मी बोललो नाही. आई धावत मध्ये पडली. तिने त्या माणसाचा हात धरला आणि म्हणाली, "बघितल्याबिगर कुणाला चोर म्हणायचं न्हाई." ती रोज तो शब्द ऐकून घरी येत होती.

पुढे दिवस बदलले. १९९३ मध्ये पुण्यात डॉ. बाबा आढाव आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पुढाकाराने कागद, काच, पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. आई तिची सभासद झाली. काही वर्षांतच महानगरपालिकेने मान्य केलेले ओळखपत्र सभासदांना मिळाले. आई ते पदराखाली गळ्यात घालून जाई आणि कुणी हटकले की बाहेर काढी. २००८ मध्ये 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था महानगरपालिकेच्या करारानुसार घरोघर काम करू लागली. तेव्हा आई पहिल्यांदा बंगल्यांच्या फाटकातून आत गेली. मी औंधच्या आयटीआयमध्ये शिकलो, फिटर झालो, टूलरूममध्ये लागलो. आम्ही वस्ती सोडून भोसरीला राहायला गेलो. बहिणीचे लग्न झाले. वडील गेले. पण कुठलाही अर्ज भरताना आईच्या व्यवसायासमोर मी 'घरकाम' असेच लिहीत राहिलो.

२७ सप्टेंबर २०१८ रोजी मुठा उजव्या कालव्याची भिंत फुटली आणि दांडेकर पुलाजवळच्या वस्तीत पाणी शिरले. माझी मावशी अजून तिथेच राहते. रजा टाकून मी तिच्या घरातला चिखल काढायला गेलो. दुपारी कालव्याकडे गेलो. पाणी उतरून गेले होते आणि तळ उघडा पडला होता. चपला, बाटल्या, गाळात रुतलेल्या पिशव्या. मी ज्या जागी उभा राहून डबा ओतला होता तिथेच उभा होतो. अठ्ठावीस वर्षांत पाण्याने ते तुकडे कुठल्या कुठे नेले असतील हे मला कळत होते. तरी मी कितीतरी वेळ त्या गाळात निळा रंग शोधत राहिलो.

त्यानंतर एका रविवारी मंगळवार पेठेजवळच्या जुन्या बाजारात गेलो. एका गोधडीवर खेळण्यांचा ढीग होता आणि त्यात मिसळलेल्या विटांची पिशवी होती. घासाघीस करून घेतली. घरी येऊन मुलीला 'एलएल ९२८'ची गोष्ट सांगितली. कालव्याचा आणि शेजारच्या मुलाचा भाग मात्र गाळला. तिने मोबाईलवर तो नंबर शोधला आणि दहा मिनिटांत चित्र माझ्यासमोर धरले. निळे पंख, पिवळी काच, दोन लाल माणसे, दोन पांढरी. आम्ही ज्याची रिक्षा केली, पूल केला, ते मुळात 'गॅलेक्सी एक्सप्लोरर' नावाचे अवकाशयान होते. १९७९ साली लेगो कंपनीने काढलेले. क्रमांक ९२८. माझ्या वयाच्या अडतिसाव्या वर्षी मला ते पूर्ण कसे दिसते ते कळले.

मग मी लेगोबद्दल वाचत गेलो. डेन्मार्कमध्ये बिलुंड नावाचे गाव आहे. तिथे ओले कर्क ख्रिश्चनसन नावाचा सुतार होता. मंदीत घरबांधणीची कामे मिळेनाशी झाली तेव्हा १९३२ मध्ये तो लाकडी खेळणी करू लागला. लेगो हे नाव 'चांगले खेळा' अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांवरून पडले. आजच्या विटेचे पेटंट २८ जानेवारी १९५८ चे. त्या साली काढलेली वीट आज काढलेल्या विटेत बसते. साच्यावर काम करणाऱ्या माणसाला हे वाचून काय वाटते ते मी सांगू शकतो. आमच्याकडे दोन वर्षांपूर्वीच्या साच्यातला भाग नव्या भागात बसेलच याची खात्री नसते.

मी कारखान्यातला व्हर्नियर घरी आणून विटा मोजल्या. दोन बटणांच्या मध्यांतले अंतर ८ मिलिमीटर. विटेची उंची ९.६ मिलिमीटर. चपटी पट्टी ३.२ मिलिमीटर, म्हणजे तीन पट्ट्या एकावर एक ठेवल्या की बरोबर एक वीट. वेगवेगळ्या पिशव्यांतल्या, वेगवेगळ्या वर्षांच्या विटा मोजल्या तरी माप हलत नव्हते. माल एबीएस. १९६३ पासून कंपनी तेच प्लास्टिक वापरू लागली. आई १९८९ मध्ये फरशीवर टाकून ज्याची जात ओळखत होती, ते हेच.

जुने खेळणे सुट्या भागांतून उभे करायचे तर पहिले काम यादीचे. कोणता तुकडा, कोणत्या रंगात, किती नग. बऱ्याचशा तुकड्यांच्या पोटात बारीक आकडा कोरलेला असतो. दोन बटणे रुंद आणि चार लांब विटेचा ३००१, दोन बाय तीनचा ३००२, दोन बाय दोनचा ३००३. मुलीने वहीत तक्ता आखला. तुकडा मिळाला की त्यावर खूण. साध्या विटा जुन्या बाजारातून आणि भंगारवाल्यांकडून मिळत गेल्या. भंगारवाले आईच्या ओळखीचे होते. ते अशा विटा दिसल्या की बाजूला ठेवू लागले. न मिळणारे तुकडे ब्रिकलिंक नावाच्या बाजारावरून घ्यावे लागले. तिथे जगभरचे विक्रेते नगावर तुकडे विकतात. पण टपालखर्च मालापेक्षा जास्त होई, आणि २०२० च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचे सीमाशुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्के झाले. मग वर्षातून एखादी मागणी. आमच्या कारखान्यातून जर्मनीला गेलेला एक मित्र सुट्टीवर आला तेव्हा त्याने पिवळ्या काचा सामानातून आणल्या.

आणलेला माल कोमट पाण्यात साबण टाकून धुवायचा. उकळते पाणी चालत नाही, तुकडे वाकतात. उन्हाने पिवळे पडलेले पांढरे तुकडे हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये बुडवून पुन्हा उन्हातच ठेवायचे. ज्या उन्हाने रंग गेला त्याच उन्हात तो परत येतो. हातमोजे मात्र घालावे लागतात. अंतराळवीरांचे टोप मिळणे सगळ्यांत अवघड. १९७९ च्या टोपांची हनुवटीखालची पट्टी फार बारीक होती आणि ती हमखास तुटते. माझ्या लाल माणसाचा टोप का नव्हता, ते मला तेव्हा कळले.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. कारखाना बंद. गुडघ्यांमुळे आईचे काम तीन वर्षांपूर्वीच थांबले होते. मी जमिनीवर वर्तमानपत्र पसरून तीनेक किलो मिसळलेल्या विटा निवडत होतो. आई पलंगावरून बघत होती. थोड्या वेळाने म्हणाली, "आसं न्हाई निवडत. आण हिकडं." ती पाय लांब करून खाली बसली. पहिल्यांदा तिने रंग न बघता आकाराने ढीग केले, मग प्रत्येक ढिगाचे रंगाने. मला जे दोन रविवार लागले असते ते तिने दुपारच्या चहाच्या आत केले. नकली विटा तिने फरशीवर न टाकताच, नुसत्या मुठीत हलवून बाजूला काढल्या.

मग तिने दोन राखाडी पट्ट्या माझ्यासमोर धरल्या.

"ह्या दोन येक न्हाईत रं."

"कशा?"

"ही चुलीतल्या राखंची हाय. अन् ही सिमिटाची."

कंपनीने २००४ मध्ये राखाडी रंग बदलला आणि जुना उबदार राखाडी जाऊन निळसर राखाडी आला, हे समजून घ्यायला मला दोन महिने लागले होते. तोवर मी चुकीच्या रंगाचे तुकडे विकतही घेतले होते. आईने एका नजरेत सांगितले. आम्हाला हवा होता तो चुलीतल्या राखेचा.

त्या दिवसापासून आम्ही दोघे रोज बसू लागलो. लहानपणी मी तिच्या ढिगांकडे पाठ करून अभ्यास करीत असे. आता तिच्यासमोर बसून तेच काम करीत होतो आणि ती मला शिकवत होती. एका संध्याकाळी माझ्याने राहवले नाही.

"आई, आपला डालडाचा डबा आठवतो?"

"आठवतो की. गेला त्यो."

"गेला नाही. मी कालव्यात टाकला होता."

शाळेतला प्रसंग सांगितला. पुलावरचाही सांगितला. आई निवडत राहिली. मला वाटले, ऐकले नाही. मग म्हणाली, "पुलावरचं म्या बघितलं व्हतं. त्या दिसापासनं शाळा सुटायच्या टायमाला त्या पुलावरनं आलेच न्हाई म्या. अंधार पडल्यावर यायची."

मला आठवले. त्या वर्षापासून आई उशिरा घरी येऊ लागली होती आणि कंदिलाच्या उजेडात निवडत बसे. मी कधी विचारले नव्हते का.

थोड्या वेळाने तीच म्हणाली, "डब्याचं काय न्हाई. अन् ते पोरगं? त्येच्यावर आळ आला. त्येला सांगितलंस का?"

मी गप्प. मला खेळण्याचे दुःख होते, आईपुढे अपराधी वाटत होते. त्या मुलाचा मी इतक्या वर्षांत विचारच केला नव्हता. आईच्या मनात मात्र पहिला तोच आला.

टाळेबंदी उठल्यावर त्याचा पत्ता काढला. तो हडपसरला रिक्षा चालवतो. रिक्षा थांब्यावर उभे राहूनच मी सगळे सांगितले. तो ऐकत राहिला. म्हणाला, "म्हणून मी तुमच्या दारात परत आलो नाही. तुला कधी वाटलं का, हा का येत नाही?" मी म्हणालो, "नाही वाटलं." त्याने मान हलवली. चहा सांगितला, पैसे मला देऊ दिले नाहीत. जाताना विचारले, "मावशी बऱ्या आहेत ना? त्या दिवशी त्यांनी बाबांचा हात धरला होता." माफ केले असे तो म्हणाला नाही, आणि मीही ते मागितले नाही. त्यानंतर दोनदा तो आईला भेटायला घरी आला.

२०२२ मध्ये कंपनीने आपल्या ९० व्या वर्षानिमित्त त्याच यानाची नवी, मोठी आवृत्ती काढली, १२५४ तुकड्यांची. कारखान्यातले मित्र म्हणाले, "आता हप्त्यांवर घेऊन टाक, सुटशील." मला ते नको होते. २०२३ च्या पावसाळ्यात 'एलएल ९२८' छापलेली वीट टपालाने आली. माझ्या एका दिवसाच्या पगाराएवढी तिची किंमत होती. आईने ती मुठीत हलवून बघितली आणि मान डोलावली. त्या रात्री यान पूर्ण झाले.

त्या वर्षी मुलगी नववीत होती. शाळेच्या प्रदर्शनात छंदांचा विभाग होता. तिने यान न्यायचे ठरवले आणि पुढे ठेवायला पुठ्ठ्यावर स्वतःच्या अक्षरात लिहिले : 'तुकड्यांची निवड – माझी आजी, कचरावेचक. जोडणी – माझे पप्पा, टूलरूम फिटर.'

वाचकहो, खोटे कशाला सांगू? माझा हात पुठ्ठ्याकडे गेला. मी म्हणालो, "नुसतं 'माझी आजी' लिही की."

मुलगी म्हणाली, "मग तुमच्यापुढचं फिटरही खोडू का?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. आई पलंगावरून विचारत होती, काय लिहिले आहे. मी मोठ्याने वाचून दाखवले. तिने विचारले, "वेचक लिवलंय नव्हं?"

"हो."

"मग खरं हाय त्ये. ऱ्हाऊ द्या."

मुलीने यान दोन्ही हातांनी धरून शाळेत नेले आणि संध्याकाळी तसेच परत आणले. कुणी हसले का, असे मी तिला विचारले. ती म्हणाली, "एका मुलीनं विचारलं, दोन राखाडी रंग कसे ओळखायचे. मी म्हटलं, घरी ये, आजी शिकवेल." ती मुलगी पुढच्याच रविवारी खरोखर आली.

तो पुठ्ठा आता फळीखाली भिंतीला चिकटवला आहे. पाहुण्यांना मी काही सांगत नाही, ते वाचतात. यानाच्या खालच्या बाजूला एक पट्टी अजून नव्या राखाडी रंगाची आहे, कारण जुनी मिळालेली नाही. ती कुणाला दिसत नाही. पण यान पुसायला खाली घेतले की आई प्रत्येक वेळी बोट लावून दाखवते, "ही सिमिटाची हाय बघ. हुडीक."

येत्या रविवारी जुन्या बाजारात जायचे आहे.